लोकप्रिय मराठी साहित्यातील शिष्ट आणि गावंढळ : एका तडजोडीचा विचार

'शिष्ट' हा शब्द मराठीत परस्परविरोधी म्हणावेत अशा दोन अर्थांनी वावरतो. व्याकरणपरंपरेत ज्यांचा प्रयोग प्रमाण मानायचा ते शिष्ट. पतंजलीने 'महाभाष्या'त केलेल्या वर्णनानुसार आर्यावर्तात राहणारे, घागरभर धान्यावर समाधान मानणारे, निर्लोभ आणि विद्येत पारंगत असलेले ब्राह्मण हे शिष्ट होत. बोलचालीत मात्र 'ती फार शिष्ट आहे' असे म्हटले जाते तेव्हा आढ्यता, तोरा आणि इतरांना आपल्या पंगतीला न घेण्याची वृत्ती अभिप्रेत असते. भाषेने एकाच शब्दात आदर आणि राग दोन्ही साठवून ठेवले आहेत. याच्या विरुद्ध टोकाला 'गावंढळ', 'गावठी', 'रांगडा', 'गबाळा', 'अडाणी' हे शब्द येतात आणि त्यांपैकी पहिल्या दोहोंत तर 'गाव'च उपहासाचा विषय झालेले दिसते. विल्यम मेकपीस थॅकरे याने 'पंच' या नियतकालिकातील आपल्या लेखमालेचे १८४८ साली पुस्तक केले, तेव्हापासून इंग्रजीत 'स्नॉब' हा शब्द पदवी आणि संपत्ती यांच्यापुढे लीन होणाऱ्या माणसाला लावला जाऊ लागला. मराठीतील शिष्टपणाचे मूळ मात्र संपत्तीत नाही, वाणीत आहे. घागरभर धान्य असणाराही शिष्ट असू शकतो. हा भेद ध्यानात घेतल्याशिवाय मराठी लोकप्रिय साहित्यातील शिष्ट आणि गावंढळ यांच्या झगड्याचा उलगडा होत नाही.

लोकप्रिय कथात्म साहित्याने (येथे कादंबरी, विनोदी कथा, व्यावसायिक रंगभूमीवरील नाटक आणि चित्रपट यांचा एकत्रित विचार अभिप्रेत आहे) या दोघांची गाठ घालून देण्याचे काम नेहमीच आवडीने केले आहे. समीक्षेने या गाठीभेटींकडे दोन प्रकारे पाहिले. एका दृष्टीने तो शिष्टाचारावर बेतलेला निरुपद्रवी विनोद होता. दुसऱ्या दृष्टीने ते वर्गसंघर्षाचे सौम्य, पण स्वागतार्ह रूप होते. दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत, कारण या झगड्याचा शेवट कसा होतो याचा हिशेब त्या मांडत नाहीत. हा शेवट बहुतेक वेळा एका तडजोडीत होतो. गावंढळाला सद्गुण बहाल केले जातात आणि त्या मोबदल्यात त्याचा वाटा नाकारला जातो. तो मनाचा मोठा, मैत्रीला जागणारा, निष्कपट ठरतो. घर, प्रमाण मानली जाणारी भाषा आणि शेवटचा शब्द मात्र शिष्टाकडेच राहतो.

या तडजोडीचा आरंभबिंदू म्हणून जॉर्ज बर्नार्ड शॉ याच्या 'पिग्मॅलियन'चा विचार उपयुक्त ठरतो. १९१३ साली व्हिएन्नात आणि १९१४ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची ख्याती रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीला उमरावांसारखे बोलायला शिकवण्याची गोष्ट अशी आहे. पण शॉने नाटकात दोन प्रयोग समांतर चालवले आहेत. एलायझाला वाणी मिळते, पैसा मिळत नाही. तिच्या बापाला, कचरा उचलणाऱ्या डूलिटलला, एका अमेरिकन धनिकाच्या मृत्युपत्रामुळे वर्षाला तीन हजार पौंडांचे उत्पन्न मिळते. त्याची वाणी मात्र होती तशीच राहते. वाणी आणि संपत्ती ही दोन खाती शॉने बाप आणि लेक यांच्यात वाटून दिली आणि त्यांपैकी एकच खाते भरले तर माणसाचे काय होते हे दाखवले. डूलिटल मध्यमवर्गीय नीतीच्या कचाट्यात सापडतो. एलायझापुढे तर याहून बिकट प्रश्न उभा राहतो : पैज जिंकून झाली, आता आपण जायचे कुठे आणि करायचे काय? जी मुलगी पूर्वी फुले विकून स्वतःचे पोट भरत होती, ती आता उच्चभ्रू स्त्रीसारखी बोलते. पण उच्चभ्रू स्त्रीला विवाहाखेरीज जगण्याचा मार्गच तिच्या समाजाने ठेवलेला नाही.

या प्रश्नाचे उत्तर शॉने नाटकाच्या १९१६ सालच्या आवृत्तीला जोडलेल्या गद्य उपसंहारात दिले. तिथे एलायझा हिगिन्सशी विवाह करीत नाही; निर्धन पण घरंदाज अशा फ्रेडीशी करते. कर्नल पिकरिंगच्या पैशावर दोघे फुलांचे दुकान काढतात, दुकान तोट्यात जाते, हिशेब लिहायला शिकावे लागते आणि हळूहळू बस्तान बसते. हा उपसंहार रसभंग करणारा वाटतो, याचे कारण त्यात भांडवल, तोटा आणि जमाखर्च आहे. रंगभूमीने त्याकडे पाठच फिरवली. १९५६ साली ब्रॉडवेवर आलेल्या 'माय फेअर लेडी'त आणि १९६४ सालच्या त्याच नावाच्या चित्रपटात एलायझा हिगिन्सकडे परत येते. शॉने तिला दुकान दिले होते, लोकप्रिय रूपाने ते काढून घेऊन त्या जागी प्रेम ठेवले. वाट्याच्या जागी भावना ठेवण्याची ही क्रिया इतकी सहज घडली की प्रेक्षकांना तो बदल न वाटता नाटकाचा स्वाभाविक शेवटच वाटला.

पु. ल. देशपांडे यांनी 'पिग्मॅलियन'चे 'ती फुलराणी' हे रूपांतर १९७५ साली रंगभूमीवर आणले आणि भक्ती बर्वे यांच्या मंजुळेने ते अविस्मरणीय केले. या रूपांतराची भाषिक समृद्धी वादातीत आहे; मंजुळेच्या बोलीला असलेला ठसका आणि तिचा राग यांना पु. लं.नी उदारपणे वाव दिला आहे. तथापि लंडनहून मराठीत येताना एक गोष्ट अपरिहार्यपणे बदलली. शॉच्या लंडनमध्ये उच्चार आणि पैसा ही सामान्यतः एकाच घरी नांदणारी खाती होती. म्हणूनच त्यांना वेगळे करून दाखवणे हे शॉचे नाट्य होते. मराठीत ही खाती आधीच वेगळी झालेली होती. मराठी प्रेक्षागृहात 'शुद्ध' बोलणारा प्रेक्षक श्रीमंत असेलच असे नव्हते आणि 'अशुद्ध' बोलणारा गरीब असेलच असेही नव्हते. त्याच्या कानाला मात्र 'न' आणि 'ण' यांतला फरक केवळ उच्चाराचा कधीच नव्हता. त्या फरकात जात, गाव आणि शाळा यांची ओळख दडलेली होती. त्यामुळे लंडनच्या प्रेक्षकाला जे वर्गाचे हास्य होते ते मराठी प्रेक्षकाला अधिक गुंतागुंतीचे आणि काहीसे दिलासा देणारे हास्य झाले.

हा दिलासा कशाबद्दलचा होता हे समजण्यासाठी स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातील सत्तांतराकडे पाहावे लागते. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ साली झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळांकडे जमिनीची मालकी जाण्याची प्रक्रिया सुरू झाली. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक पांढरपेशा कुटुंबांचा गावाशी असलेला उत्पन्नाचा संबंध त्यामुळे संपुष्टात आला. १९४८ साली गांधीहत्येनंतर झालेल्या जाळपोळीने ही ताटातूट आधीच तीव्र केली होती. दुसऱ्या बाजूला प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखान्याची सुरुवात झाली, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. ऊस, पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि विधिमंडळ यांच्या आधारे ग्रामीण नेतृत्व उभे राहिले. शिष्टाकडून जमीन आणि सत्ता गेली. त्याच्याजवळ भाषा राहिली. गावाकडे सत्ता आली; पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे, रंगभूमी आणि प्रकाशनसंस्था यांतील प्रमाणभाषेचा अधिकार मात्र तिच्याबरोबर आला नाही. डूलिटल आणि एलायझा यांच्यातील विभागणी येथे एका संपूर्ण समाजात घडून आली होती.

म्हणून साठोत्तर लोकप्रिय साहित्यातील शिष्ट–गावंढळ झगडा हा श्रीमंत आणि गरीब यांचा झगडा असल्याचे मानणे चुकीचे ठरते. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर हे याचे बोलके उदाहरण होय. 'कोसला' लोकप्रियतेच्या हेतूने लिहिलेली कादंबरी नसली तरी पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली आहे. खानदेशातल्या खेड्यातून पुण्यात आलेला हा मुलगा पुणेरी शिष्टपणाची यथेच्छ टर उडवतो, तथापि तो निर्धन नाही. त्याच्या घरची शेती चांगली आहे, बापाचा पैसा त्याला पुरवला जातो आणि तो खर्चही करतो. त्याला जे खुपते ते आर्थिक दारिद्र्य नसून शहराने त्याला दिलेले दुय्यमपण आहे. चित्रपटांतील पाटील हा याच वास्तवाचा दुसरा चेहरा. त्याच्याकडे वाडा, जमीन, पंचायत सारे असते. प्रेक्षक त्याला हसतो ते त्याच्या बोलण्याला आणि लंपटपणाला. शहरी प्रेक्षकाला जी सत्ता प्रत्यक्षात परत मिळवता येत नव्हती, तिच्यावर पडद्यावर हसता येत होते.

याच काळात द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाने महाराष्ट्रभर श्रोते मिळवले. या तिन्ही लेखकांचे गावाशी असलेले नाते अस्सल होते आणि त्यांना केवळ विनोदवीर ठरवणे अन्यायाचे होईल. माडगूळकरांच्या लेखनातील करुणा आणि शंकर पाटलांचे मानवी स्वभावाचे आकलन यांचे महत्त्व निर्विवाद आहे. प्रश्न लेखकाच्या हेतूचा नसून स्वीकाराच्या रीतीचा आहे. मिरासदारांच्या भोकरवाडीतील नाना चेंगट, बाबू पैलवान आणि त्यांचे सोबती बेत रचतात, बेत फसतो, आणि गाव होते तिथेच राहते. शहरातील सभागृहात बसलेल्या श्रोत्याच्या मनात त्यामुळे एक स्थिर, बदल न होणारे, आळशी पण निष्पाप गाव तयार होते. या गावात कर्ज, पाण्याचा वाटा, शेतमजुरी, गावकुसाबाहेरची वस्ती यांना फारशी जागा नसते. ज्या वर्षांत गाव वेगाने बदलत होते, १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे रोजगाराच्या कामांवर खडी फोडत होती, त्याच वर्षांत हे न बदलणारे गाव सर्वाधिक प्रिय झाले होते. हास्याने दिलासा दिला तो या अर्थाने.

शहरातल्या तरुणाच्या बाबतीत हीच तडजोड मैत्रीच्या रूपाने येते. सुहास शिरवळकर यांची 'दुनियादारी' (१९८२) ही महाविद्यालयीन वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी डोक्यावर घेतलेली कादंबरी आहे, आणि २०१३ च्या चित्रपटाने तिला नवा वाचकही दिला. सुखवस्तू घरातून पुण्यात शिकायला आलेला श्रेयस कट्ट्यावरच्या दिग्या आणि त्याच्या टोळक्यात सामील होतो. शिव्या, मारामारी, सिगारेट आणि जिवाला जीव देणे ही या कट्ट्याची नीती. घराने जे दिले नाही ते श्रेयसला येथे मिळते. कादंबरीचे सामर्थ्य या ऊबेत आहे, हे मान्य करायलाच हवे. परंतु या व्यवहारात देणारा कोण आणि घेणारा कोण हे पाहिले तर जुनाच नमुना दिसतो. कट्टा माया देतो, अनुभव देतो, आणि सुखवस्तू नायक त्यातून शहाणा होतो. रांगड्या मित्राचे आयुष्य नायकाच्या शिक्षणाचे साहित्य बनते.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. मिखाइल बाख्तिनने राब्लेवरील ग्रंथात लोकहास्याची जी मीमांसा केली, तिच्या आधारे असे म्हणता येईल की गावंढळाचे हसणे हीच एक सत्ता आहे. ते उच्चनीचतेची उतरंड उलटी करते आणि सत्ताधाऱ्याला काही काळ तरी नागडे करते. वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) हे याचे समर्थ उदाहरण म्हणून पुढे करता येईल. दादा कोंडके यांच्या हवालदाराने त्यात राजा, प्रधान आणि कोतवाल यांच्या साऱ्या डामडौलाची रेवडी उडवली. चालू राजकारणावरील त्यांची उत्स्फूर्त टिप्पणी ऐकण्यासाठी प्रेक्षक पुनःपुन्हा येत. वगाची परंपरा हे बळ घेऊनच आली होती आणि ज्या जातींनी ती जोपासली त्यांच्या बुद्धिमत्तेचा तो पुरावाही आहे.

हा आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. तमाशाच्या बोर्डावर गावकऱ्यासमोर गावच्या पाटलाची टिंगल करणे यात खरी जोखीम होती. पण हेच हास्य जेव्हा तिकीट काढून, शहरातील नाट्यगृहात, ज्याच्यावर ते रोखलेले आहे त्याच्या अनुपस्थितीत होते, तेव्हा त्यातील जोखीम नाहीशी होते. बाख्तिनच्या उत्सवात प्रेक्षक आणि नट असा भेद नव्हता. सारे गाव त्यात उतरत असे. नाट्यगृहात मात्र हसणारा अंधारात आणि हसवणारा उजेडात असतो. शिवाय उलटी झालेली उतरंड पडदा पडताच सरळ होते. म्हणून हास्य मुक्तिदायी आहे की नाही हा प्रश्न हास्याच्या जातीवरून सुटणार नाही. कोण कोणासमोर हसतो आणि हसून झाल्यावर कोणाच्या जीवनात काय बदलते, यावरूनच तो सोडवावा लागेल.

शिष्ट आणि गावंढळ या दोघांच्याही एकेका खात्यात काही ना काही जमा आहे. एकाकडे भाषा, दुसऱ्याकडे सत्ता. ज्याची दोन्ही खाती रिकामी आहेत असा तिसरा माणूस या झगड्यात बहुधा दिसतच नाही. जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित 'सामना' (१९७५) या चित्रपटाने ही अनुपस्थितीच विषय केली, हे त्याचे वेगळेपण. येथे गबाळा दिसणारा, दारूत बुडालेला मास्तर हा शिकलेला, स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी बाळगणारा माणूस आहे आणि साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव हा ग्रामीण सत्ताधारी. श्रीराम लागू आणि निळू फुले यांच्यातील हा सामना भाषा आणि सत्ता यांचाच आहे. परंतु तो ज्याच्याबद्दल चालला आहे तो मारुती कांबळे हयात नाही. दोन बलदंड पक्षांच्या वादात ज्याचा जीव गेला त्याचे नाव पुनःपुन्हा उच्चारले जाणे, एवढाच त्याचा वाटा उरतो. तो एवढाच उरतो हे चित्रपट लपवत नाही.

या तिसऱ्या माणसाला केंद्रस्थानी आणून तडजोडच नाकारणारा लोकप्रिय लेखक म्हणून अण्णा भाऊ साठे यांचा विचार व्हायला हवा. १९५९ साली प्रसिद्ध झालेली आणि १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळालेली 'फकिरा' ही रूढ अर्थाने लोकप्रिय कादंबरी आहे : वेगवान कथानक, अतुलनीय पराक्रमाचा नायक, ठसठशीत सुष्ट आणि दुष्ट. मांग समाजातील या नायकाला लेखकाने सद्गुण भरभरून दिले आहेत. पण येथे सद्गुण वाट्याच्या बदल्यात आलेले नाहीत. उपासमारीच्या काळात फकिरा धान्य लुटून भुकेल्यांना वाटतो, सरकारी खजिन्यावर हात टाकतो. त्याचे औदार्य म्हणजेच वाटप. त्याला कोणी बोलायला शिकवत नाही आणि त्याच्या बोलण्याला हसण्याची सोयही कादंबरी वाचकाला देत नाही. उलट बाजूने भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'ने (१९६५) तडजोड नाकारली. मुंबईच्या नाक्यावरील त्यांच्या पोरांना लेखकाने सोन्यासारखे हृदय दिलेच नाही. आचार्य अत्रे यांच्यासारख्या, एरवी विनोदात कशाचीही भीड न बाळगणाऱ्या लेखकानेही या कादंबरीवर कडाडून हल्ला चढवला, हे सूचक आहे. गबाळेपणा सद्गुणांच्या वेष्टनात आला तर शिष्टांना चालतो. वेष्टन काढले की तो अश्लील ठरतो.

समीक्षेचे वर्तन येथे तपासून पाहण्यासारखे आहे. 'फकिरा'ला दीर्घकाळ भडक, भाबडी, रंजनप्रधान अशा विशेषणांनी बाजूला ठेवले गेले. हीच विशेषणे अन्य अनेक लोकप्रिय कादंबऱ्यांना लावता आली असती आणि तरीही त्यांच्यावर प्रबंध लिहिले गेले. अभिजात आणि लोकप्रिय यांतील भेद हा वाङ्मयीन मूल्यांवर आधारलेला असतो असे मानण्याची प्रथा आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येर बुर्द्यू याने १९७९ साली अभिरुचीवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की अभिरुची ही आपले सामाजिक स्थान राखण्याची रीतही असते. मराठी समीक्षेचा 'अभिरुची' हा लाडका शब्द त्या प्रकाशात पाहिला, तर शिष्ट आणि गावंढळ यांचा झगडा साहित्यकृतीत संपत नाही, तो अभ्यासक्रमाच्या समितीत आणि वर्गातही चालू असतो असे दिसेल.

वर्गातील त्याचे स्वरूप सर्वांत गंभीर आहे. आज मराठी विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांत बोली बोलणाऱ्या घरांतून आलेल्यांची, आपल्या घरात प्रथमच महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. 'पानी' म्हटल्याबद्दल ज्याला शाळेत हशा सहन करावा लागला, तो विद्यार्थी वर्गात मंजुळेचा प्रवेश वाचला जातो तेव्हा कोणाबरोबर हसतो? तो इतरांच्या बरोबरीने हसला तर स्वतःच्या आईच्या बोलण्याला हसतो. हसला नाही तर त्याला विनोदाची जाण नाही असे ठरते. लोकप्रिय साहित्य अभ्यासक्रमात आणणे ही पुरोगामी कृती असल्याचे समाधान अनेक विभागांना वाटते. परंतु तडजोडीचा उल्लेख न करता ते शिकवणे म्हणजे विद्यार्थ्याला त्याच्या लज्जेची उजळणी करायला लावणे होय.

यावर उपाय म्हणून 'ती फुलराणी' वगळावी असे कोणी सुचवणार नाही. तसे करणे हा शिष्टपणाचाच नवा प्रकार होईल. ती आणि 'फकिरा' एकाच प्रश्नपत्रिकेत, एकमेकींशेजारी वाचल्या जाव्यात आणि दोहोंना तेच प्रश्न विचारले जावेत. कथेत बदलावे कोणाला लागते? बदलाचा खर्च कोण सोसतो? शेवटी घर कोणाच्या नावावर राहते? ज्याला मन मोठे दिले गेले त्याला आणखी काय मिळाले? आणि या साऱ्या भांडणात ज्याचे नावही आले नाही असा कोणी आहे काय? हे प्रश्न ज्याला वाटणीच्या भांडणाचा अनुभव घरातून मिळालेला आहे अशा विद्यार्थ्याला प्राध्यापकापेक्षा अधिक चांगले कळतील, अशी पुष्कळ शक्यता आहे. त्याने आपल्या बोलीत दिलेले उत्तर तपासताना परीक्षकाची लाल शाई 'न' आणि 'ण' यांवरच थांबली, तर लोकप्रिय साहित्यातील तडजोड विद्यापीठानेही मान्य केली असाच त्याचा अर्थ होईल.